ते सगळे लुटारू नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल तुमच्या परदेश पानावरचा ‘घबाड’वाला मजकूर वाचला. तेव्हाच लिहायला बसले असते तर शब्द याहून कडक गेले असते, म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली.

जमिनीतला धातू हुडकणारे डिटेक्टर घेऊन इंग्लंडच्या शेतांतून फिरणारी माणसे म्हणजे चोरटी टोळी, असे तुमच्या वार्ताहराने सरसकट ठरवून टाकले आहे. पुरावा काय, तर हिअरफर्डशरमधले ते दोघे. त्यांची बाजू मी घेणार नाही. २०१५ साली त्यांना सुमारे ३०० नाणी सापडली, ती त्यांनी दडवली, विकली आणि २०१९ मध्ये ते तुरुंगात गेले. तोवर पोलिसांच्या हाती जेमतेम तीस-एकतीस नाणी लागली होती. पण त्याच २०१५ साली ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टनला एका गृहस्थांना तशीच सुमारे २०० चांदीची नाणी सापडली आणि त्यांनी ती लगेच कळवली. ती आज ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा नवव्या शतकातला राजा चेओलवुल्फ याला शेजारच्या वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाच्या बाजूने लिहिलेल्या जुन्या बखरीने ‘राजाचा अडाणी सरदार’ म्हणून उडवून लावले होते. यांतल्या काही नाण्यांवर मात्र शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट आहेत आणि हाच छाप आल्फ्रेडच्या नाण्यांवर आहे, तसाच चेओलवुल्फच्याही. म्हणजे दोघे बरोबरीने राज्य करत होते. विजेत्यांनी पुसलेला एक राजा शेतातल्या ढेकळांखालून परत आला, आणि तुमच्या मजकुरात त्याला एक ओळही नाही! किंमत मात्र तीन वेळा छापली आहे, तीही रुपयांत करून.

मी सफोकमध्ये बावीस वर्षे राहते आणि गेली नऊ वर्षे डिटेक्टर घेऊन शेतात जाते. शेतमालकाची परवानगी घेऊन, दिवसाढवळ्या. पहिले अँग्लो-सॅक्सन काळातले (म्हणजे पाचव्या ते अकराव्या शतकाच्या इंग्लंडमधले) नाणे मला नोव्हेंबरात नांगरलेल्या रानात मिळाले. शर्टाच्या बटणाएवढे, पण जाड, वजन एक ग्रॅमच्या आसपास. त्यावर ना राजा, ना नाव. एका बाजूला वाकडी रेघ आणि तिच्यावर ताठ उभे काटे. इथले जाणकार त्याला ‘साळिंदर’ म्हणतात. चिखल अंगठ्याने पुसायचा मोह आवरला आणि ते तसेच डबीत घालून जिल्ह्याच्या नोंदणी अधिकारी बाईंकडे नेले. त्यांनी वजन केले, दोन्ही बाजूंचे फोटो काढले, आणि कुठल्या शेतात, कुठल्या कोपऱ्यात मिळाले, हे नकाशावर बोट ठेवून तीनदा विचारले. हे साळिंदर समुद्रापलीकडे, ऱ्हाईन नदीच्या मुखाकडे पाडलेले, साधारण तेराशे वर्षांपूर्वीचे. ते सफोकच्या रानात पडले म्हणजे तिथवर व्यापारी येत होते. ही गोष्ट नाणे सांगत नाही, त्याची जागा सांगते. जागा गेली की उरते ती ग्रॅमभर चांदी.

आणि तुमचे ‘सरकारजमा करावेच लागते’ हे वाक्य धडधडीत चूक आहे. असे एकटे नाणे इथल्या १९९६ च्या खजिना कायद्याने खजिना ठरत नाही. सोन्याचांदीची किमान दोन नाणी एकत्र मिळाली आणि ती तीनशे वर्षांहून जुनी असली, तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावे लागते. संग्रहालयाने ती घेतली तर मोबदला सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. माझे नाणे नोंद करून मला परत मिळाले. १९९७ पासून लोकांनी अशा १५ लाखांहून अधिक वस्तू नोंदवल्या आहेत, त्यातल्या बहुतेक आपणहून. सटन हू या सफोकमधल्या प्रसिद्ध अँग्लो-सॅक्सन दफनस्थळाजवळच्या रेंडलशॅमला रात्री चोरून डिटेक्टर फिरवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा शेतमालकाने मदत मागितली आणि गावाकडचे चार डिटेक्टरवाले पुरातत्त्व विभागाबरोबर वर्षानुवर्षे त्या शेतांत राबले. त्यातून सातव्या शतकातली राजवस्ती उजेडात आली. यांना लुटारू म्हणता?

मला हे इतके का लागले, तेही सांगते. माझे माहेर नाशिक जिल्ह्यातले. मी सहावीत असताना आमच्या विहिरीचे काम चालू होते आणि काकांना गाडग्यात मूठभर चांदीची नाणी मिळाली. लहान, राजाचे मुंडके असलेली. मी ती तळहातावर घेतली होती. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपान या प्राचीन क्षत्रप राजाची तेरा हजारांवर नाणी सापडली, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एवढेच, की पोलीस येतील, जमीन जाईल. वर्तमानपत्रातल्या अशाच बातम्या घरात वाचल्या जात. आजीने आठवड्यात ती सोनाराकडून आटवून घेतली आणि ताईच्या लग्नासाठी जोडवी घडवली. कलेक्टरला कळवले असते, तर भारतातल्या १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानेही काकांचे पैसे बुडाले नसते. वारस निघाला नाही तर ज्याला सापडले त्याला वाटा आहे, सरकारने ठेवून घेतले तर चांदीच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त आहे. हे कुणी छापले नाही. ताईच्या पायातली ती जोडवी बघितली की आजही माझ्या पोटात कालवते. ती नाणी कुठल्या राजाची होती, हे आता कधीच कळणार नाही.

मजकुराबरोबरचा फोटो राणीछाप रुपयाचा आहे, अँग्लो-सॅक्सन नाण्याचा नाही. त्याची दुरुस्ती कृपया त्याच पानावर छापावी, आतल्या कोपऱ्यात नको. आणि एक विनंती. वाचकांच्या पत्रांची जागा तुम्ही जाहिरातींसाठी अर्ध्यावर आणली आहे आणि माझ्या गेल्या पत्राचा उत्तरार्ध गाळला होता. या वेळी जागा कमी पडली तर वॉटलिंग्टन गाळा, रेंडलशॅम गाळा, पण विहिरीचा परिच्छेद आणि त्यातला कायदा पूर्ण छापा. आमच्याकडे अजून विहिरी खणल्या जातात.

कळावे,
एक जुनी वाचक, इप्सविच