पिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांची डेक्सा तपासणी कधी?

मा. संपादक,

२० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिवस असतो, त्या सुमारास शहरात हाडांच्या ठिसूळपणाची मोफत शिबिरं लागतात, चांगलंच आहे. पण आमच्या बीड जिल्ह्यात नेमक्या त्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघायच्या तयारीत असतात, आणि ज्यांना या तपासणीची खरी गरज आहे त्या बायका त्यातच असतात.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय खूप गाजला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारने समितीही नेमली. कितीतरी बायका चाळिशीच्या आतल्या. पुढे त्यांच्या हाडांचं काय झालं हे कोण विचारतंय? पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले असतील तर इस्ट्रोजेन, म्हणजे हाडं टिकवणारं संप्रेरक, एकदम बंद होतं आणि हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात, अंडाशय ठेवले असले तरी ते लवकर थकू शकतात. बरं, अंडाशय काढले की ठेवले हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलंच नाही, डिस्चार्जचा कागद कुठे गेला ते माहीत नाही. आणि याच बायका पुन्हा फडात जाऊन डोक्यावर मोळ्या वाहतात. कंबर दुखते म्हटलं की ओझ्याने दुखत असेल म्हणून पेनकिलर देतात, मणका दबलाय का हे बघतच नाही कुणी.

शिबिरातल्या टाचेवरून हाडं तपासणाऱ्या मशीनवर भागणार नाही, त्याने फक्त अंदाज येतो. निदानासाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, लागतो, त्यात कंबरेचे मणके आणि खुबा बघतात, टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस. सुई नाही, दुखत नाही, थोडा वेळ पडून राहायचं, रेडिएशनही अगदी कमी. पण मशीन मोठ्या शहरात, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून तिकडे कोण जाणार?

म्हणून आरोग्य विभागाला विनंती आहे, जिल्हा रुग्णालयात डेक्साची सोय करा आणि पंचेचाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायकांना आशाताईंमार्फत बोलावून घ्या, जायला-यायला गाडी द्या, आणि हे जून ते सप्टेंबरमध्ये करा, तेव्हा त्या घरी असतात. रिपोर्ट खराब आला तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या देऊन पाठवू नका, हाडांची औषधंही तिथेच मोफत मिळाली पाहिजेत.

– एक वाचक, जि. बीड