पेटीच्या दुकानात भेटलेल्या बुवांना

बुवा,

रामकृष्ण हरी. तुम्ही पहिल्यांदा आमच्या चर्चच्या पायऱ्या चढलात तेव्हा मी सवयीनं 'सलाम' म्हटलं, तुम्ही 'रामकृष्ण हरी' म्हणालात, आणि मग कुणी काय म्हणायचं ते न सुचून आपण दोघंही हसलो. म्हणून आज सुरुवात तुमच्या बाजूनं. पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. त्याला सांगा, जरा मोठ्यानं आणि सावकाश.

लालबागच्या त्या दुकानात मी आमची पेटी घेऊन आले होते. पावसाळ्यात पट्ट्या फुगल्या होत्या, मधला एक सूर बोलतच नव्हता आणि भात्यातून हवा निसटत होती. कारागीर पेटी उघडत असताना मी त्याला उगाच ऐकवत होते की दुरुस्त करून तरी काय उपयोग, आमच्याकडे आता हिला कुणी हात लावत नाही. तुम्ही कोपऱ्यात चहा पीत बसला होता. "का लावत नाही?" एवढंच विचारलंत. पुढचा पाऊण तास मी बोलत होते.

आमचं भांडण तुम्हाला ठाऊक आहेच, पण इथे वाचणाऱ्यांसाठी सांगते. आमची मराठी मंडळी, म्हणजे मराठीत उपासना करणारं चर्च. पूर्वी पेटी, तबला आणि टाळ यांवर गीतं व्हायची. दोन वर्षांपूर्वी पोरांनी वर्गणी काढून कीबोर्ड, गिटार आणि ड्रमसेट आणला. आवाज एवढा वाढला की मागच्या बाकांवरच्या बायकांनी गाणंच सोडलं. नुसत्या उभ्या राहायच्या. कमिटीच्या सभेत एक काका म्हणाले, उपासनेत वाद्यं वाजवा असं नव्या करारात कुठे नाही, 'गा' एवढंच आहे, तेव्हा सगळंच बंद करा. त्यावर पोरांनी १५० वं स्तोत्र काढलं. त्यात शिंग आहे, डफ आहे, तंतुवाद्यं आहेत, झांजा तर दोनदा आहेत. सभा रात्री साडेदहाला मोडली आणि चहा तसाच राहिला.

काकांचं म्हणणं वेडगळ नव्हतं, हे मला नंतर वाचताना कळलं. सोळाव्या शतकात झुरिकच्या चर्चमधले ऑर्गन झ्विंग्ली या धर्मसुधारकानं बंद केले आणि तो स्वतः तर अनेक वाद्यं वाजवणारा माणूस. जिनिव्हात कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाच्या मंडळीत स्तोत्रं नुसत्या गळ्यानं गायची. ऑर्थोडॉक्स चर्चेसमध्ये बहुतेक ठिकाणी आजही वाद्य नसतं. कॅथोलिकांनी १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडलं, उपासनेला शोभत असतील तर. 'शोभणं' म्हणजे काय, यावर मात्र जगभर आमच्यासारख्याच सभा मोडत असणार.

हे सगळं मी तुम्हाला पहिल्या गुरुवारी, तुम्ही चर्चमध्ये आमचं गाणं बसवायला आलात तेव्हा सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वाद्यं तिकडे ठेवा. आधी शब्द वाचा."

आम्ही वाचले. टिळकांचा एक अभंग होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली इथे मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेले, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असं मानणारे. तुम्ही बोटांवर अक्षरं मोजलीत: सहा, सहा, सहा, चार. तुमचा चेहरा असा उजळला, जणू मुंबईच्या लोकलमध्ये गावचं माणूस भेटलं. "अहो, हे तर आमचंच!" अहमदनगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच ख्रिस्ती कीर्तनं केली होती, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत, म्हणजे यात नवल ते काय.

मग भाषांतरित गीताची पाळी आली. विलायती चाल, तिच्यात मराठी शब्द बसवलेले. चालीचा लांब सूर नेमका 'तुझा'मधल्या ऱ्हस्व 'तु'वर येतो. आम्ही लहानपणापासून 'तूऽझा' म्हणत आलो, कधी खटकलं नाही. तुम्ही शांतपणे विचारलंत, "ही तू-झा कोण?" पोरं इतकी हसली की पाळकसाहेब बघायला आले. एक सूर पुढे ढकलून तुम्ही तो 'झा'वर नेलात. माझ्या आजीच्या पिढीपासून चुकलेली ती ओळ तीन मिनिटांत सरळ झाली.

कीबोर्डवाल्या मुलाला वाटलं होतं, तुम्ही आता त्याचं यंत्र बाहेर काढणार. "विदेशी वाद्य नको" असं काकांनी तुमच्यासमोरच म्हटलं होतं. तुमचं उत्तर आमच्याकडे अजून फिरतंय: "पेटी तरी कुठे पंढरपूरची आहे?" नाहीच. पॅरिसच्या दबेन नावाच्या वाद्यकारागिराची ती, १८४२ची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगी केली. आकाशवाणीनं तर ती १९४० पासून तीसेक वर्षं बाहेर ठेवली होती. तुम्ही त्या मुलाला फक्त पट्टी बदलायला लावलीत. तो मोबाइलवर ऐकलेल्या उंच पट्टीत, पांढरी चारमध्ये वाजवायचा. तिथे आमच्या पुरुषांचे गळे फाटायचे आणि मग ते ओठ हलवायचे. खाली पांढरी दोनवर आल्यावर मागचे बाक बोलायला लागले. वाद ड्रमचा आहे असं समजून आम्ही भांडत होतो, निम्मी गोष्ट पट्टीची होती.

ड्रमवाल्याचं मात्र तुम्ही खरंच सगळं काढून घेतलंत. पहिल्या चरणाला काही नाही, ध्रुवपदाला हलकी झांज, आणि काठ्यांऐवजी ब्रश. लय कुणी धरायची, तर आमच्या सर्वांत म्हाताऱ्या आजींनी, ज्या दोन वर्षं गात नव्हत्या. तुम्ही त्यांच्या हाती टाळ दिलात आणि पोराला म्हणालात, "ह्यांच्याकडे बघून वाजव." तो रागावला. पुढच्या गुरुवारी आलाच नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आला आणि आजींसाठी खुर्ची घेऊन आला.

एक गोष्ट मला अजून पटलेली नाही, बुवा. चार आवाजांतलं गाणं, म्हणजे एकाच वेळी चार वेगवेगळे सूर, तुम्हाला रुचत नाही. "चार माणसं चार वाटांनी गेली तर वारी कशी व्हायची?" मला तेच आवडतं. खालचा पुरुषी सूर जमिनीसारखा पसरला की माझ्या अंगावर काटा येतो. नाताळात आम्ही चार आवाजांतच गाणार. तुम्ही यायचं आणि नाक मुरडायचं.

त्या सहा गुरुवारांतल्या एका गुरुवारी एकादशी आली, आणि अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर गाणाऱ्या मावशींनी घरून साबुदाण्याची खिचडी करून आणली. तुम्ही बेस्टच्या बसनं यायचात, तिकिटाचेही पैसे घेतले नाहीत. ईस्टरच्या पहाटे पाच वाजता, अंधार असताना, तुम्ही शेवटच्या बाकावर येऊन बसलात. मी पेटीवर होते म्हणून मागे वळता आलं नाही, पण दुसऱ्या चरणाला मागून एक खर्जातला आवाज अर्धा श्वास उशिरा उचलत होता. तो आमच्यातला नव्हता.

आभार मानायला कमिटी शाल-नारळ घेऊन येणार होती. तुम्ही येऊ नका म्हणालात, म्हणून हे पत्र.

आणि हो, मधला तो सूर पुन्हा बोलेनासा झालाय. गुरुवारी पेटी घेऊन येते. असाल ना दुकानात?

तुमची,
पेटीवाली