सूचना : नेदरलँड्समधल्या इतिहासाच्या पीएचडी जागा

सर्व सभासदांना नमस्कार.

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपच्या राजकीय इतिहासावर संशोधन करायचं असेल, तर लायडन, उत्रेख्त आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिथे पीएचडी म्हणजे बहुधा पगारी नोकरी असते, साधारण चार वर्षांच्या कराराची. जागा ‘अकॅडेमिक ट्रान्सफर’ या संकेतस्थळावर येतात. मुदत बरेचदा काही आठवड्यांचीच असते, तेव्हा सीव्ही आणि लेखनाचा नमुना आताच तयार ठेवा.

पुष्कळ जागा ठरलेल्या प्रकल्पातल्या असतात. सगळीकडे एकच अर्ज धाडला की तो वाया गेलाच समजा. डच प्रजासत्ताकाच्या स्टेट्स जनरलचे (प्रांतांच्या प्रतिनिधींच्या सभेचे) १५७६ ते १७९६ या काळातले ठराव हॉयगेन्स या डच संशोधन संस्थेने ऑनलाइन आणलेत. त्यातला एखादा मुळातून वाचून त्यावर दोन परिच्छेद लिहा, अर्जाला वजन येईल. वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून गेलेली पत्रंही हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कोकणातल्या मुलामुलींनी हा धागा जरूर धरावा.

डच येत नाही म्हणून कुणी मागे राहू नका, पण शिकायला आजच लागा.

अर्जाचे कच्चे मसुदे शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका. रविवारच्या बैठकीत एकेक घेऊन दुरुस्त करू.