विषय : मुंबई–लंडन विमानप्रवासाचा चुकीचा छापलेला कालावधी व त्यामुळे झालेला त्रास

लंडन, 10 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

7 ऑक्टोबरच्या आमच्या थेट विमानाचा जो प्रवासतक्ता तुम्ही दिलात, त्यात असं छापलं आहे : मुंबईहून सुटणार दुपारी 1.10, लंडनला पोहोचणार संध्याकाळी 6.35, अंतर 7,200 किमी, कालावधी 5 तास 25 मिनिटे. वेळा बरोबर, अंतरही बरोबर. कालावधी मात्र सपशेल चूक. मुंबईचं घड्याळ लंडनच्या घड्याळातून सरळ वजा केलंत! सध्या लंडनचं घड्याळ भारतापेक्षा साडेचार तास मागे आहे. म्हणजे खरा प्रवास 9 तास 55 मिनिटांचा.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे. आमच्या सांगलीच्या डॉक्टरांनी तुमचाच कागद समोर ठेवून सांगितलं, उतरायच्या अर्धा तास आधी गोळी घ्या आणि उतरल्या उतरल्या जेवा. तिने घड्याळ बघून गोळी घेतली. तासभर झाला तरी विमान उतरायची चिन्हं नाहीत. समोरच्या पडद्यावर पाहतो तर आम्ही अजून तुर्कस्तानावरच! तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. बरोबरचा डबा केव्हाच संपला होता. हवाई सेविकेने धावत जाऊन साखर घातलेला रस आणला म्हणून निभावलं.

चूक थोडी माझीही आहे. तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं आणि छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. 7,200 किमी साडेपाच तासांत म्हणजे तासाला 1,300 किमीच्या वर. आवाजापेक्षा वेगाने उडणारं काँकॉर्ड 2003 सालीच बंद झालं, हे तेव्हा आठवायला हवं होतं.

काल तुमच्याकडे फोन केला तर उत्तर मिळालं, "काका, सिस्टीममध्ये तेच दिसतंय."

मग परतीचंही बघा. 30 ऑक्टोबर, लंडनहून रात्री 8.35, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी 11.15, कालावधी 14 तास 40 मिनिटे. तेच विमान येताना तासाला 490 किमीने रांगत येणार का? 26 ऑक्टोबरला इथली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे तेव्हा फरक साडेपाच तासांचा. खरा प्रवास 9 तास 10 मिनिटे. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून जाण्यापेक्षा थोडा कमीच.

परतीचा दुरुस्त तक्ता 20 तारखेच्या आत पाठवा, म्हणजे डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा नव्याने ठरवता येतील. सुटण्या-पोहोचण्याच्या वेळेपुढे 'स्थानिक वेळ' असं स्पष्ट लिहा. विमानात मधुमेहींचं जेवण आधी सांगावं लागतं, ते परतीसाठी तुम्ही नोंदवा. 'ज्येष्ठ नागरिक सहाय्य' म्हणून घेतलेले 1,500 रुपये परत करा. सहाय्य काय मिळालं ते वर लिहिलंच आहे. आणि हाच तक्ता ज्या इतर प्रवाशांना गेला असेल, त्यांना आजच फोन करा.

दोन्ही तक्त्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उत्तर लेखी हवं, फोनवर नको.

आपला,
एक ज्येष्ठ प्रवासी, सांगली