पट्टी लावली म्हणजे झालं, असं नसतं

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या मुलीचा उजवा डोळा लेझी, म्हणजे नजरेने कमजोर आहे हे ती पाच वर्षांची असताना कळलं, तेही शाळेत डोळे तपासले म्हणून, नाहीतर एका डोळ्यावर तिचं सगळं मस्त चाललं होतं, आम्हाला पत्ताच नव्हता. शंभरात दोन-तीन मुलांना हे असतं, त्यात मेंदूच एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो. आधी चार महिने नुसता चष्मा दिला, काही मुलांचं तेवढ्यावर भागतं, हिचं नाही भागलं, मग चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी आली.

पण पट्टी लावून मुलीने करायचं काय हे कोणी सांगितलंच नाही हो. ती रडत बसायची, मान वाकडी करून नाकाजवळच्या फटीतून चांगल्या डोळ्यानेच बघायची, म्हणायला दोन तास पण खरी पट्टी वीस मिनिटंही नाही. पुढे दुसरीकडे दाखवलं तिथल्या मॅडमनी पेपरची पुरवणी समोर ठेवली आणि म्हणाल्या, यातले सगळे ‘म’ शोधून लाल पेन्सिलीने गोल कर. पहिल्या दिवशी हेडिंगमधलेच सापडले आणि ‘भ’लाही गोल झाले, महिन्याभरात बारीक टायपातले सापडायला लागले. जवळचंच काम हवं असंही नाही, पण मूल रमलं की पट्टी टिकते, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

दुसरं म्हणजे पट्टीने कमजोर डोळा कामाला लागतो, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून बघायचं ते पट्टी शिकवत नाही कारण एक डोळा तर झाकलेलाच असतो. त्यासाठी वेगळं ट्रेनिंग असतं, चांगल्या डोळ्याला चित्र फिकं दाखवायचं आणि कमजोर डोळ्याला ठळक, म्हणजे मेंदूला दोन्ही घ्यावी लागतात. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी असं चित्र दाखवणारा, डोळ्यांवर घालायचा हेडसेट मंजूर केला, रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस. आम्ही पट्टीच्या जोडीला लाल-हिरव्या चष्म्याचे खेळ केले, त्यात दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसतं, डॉक्टरांना विचारूनच. तपासणीत माशीचं एक चित्र दाखवतात, दोन्ही डोळे मिळून बघत असतील तर तिचे पंख कागदाच्या वर आलेले दिसतात, ते चिमटीत पकडायचे असतात, आधी मुलगी सरळ कागदावर बोट टेकवायची, परवा तिने कागदाच्या वर हवेतच चिमूट धरली, मला तिथेच रडू आलं.

डॉक्टरांना हात जोडून विनंती, पट्टी लिहून देताना पाच मिनिटं काढून घरी काय करायचं तेही सांगा. आणि आईबाबांनो, लवकर बरं व्हावं म्हणून तास मनाने वाढवू नका, चांगल्या डोळ्याची नजर कमी होऊ शकते, मध्येच बंदही करू नका. वयाच्या सात वर्षांनंतर उपयोग नाही असं कोणी सांगितलं असेल तरी पुन्हा एकदा दाखवून घ्या, मोठ्या मुलांपैकीही बऱ्याच जणांची नजर उपचाराने सुधारलेली आहे.

आपली,
एका मुलीची आई