डॅनी बार्कर यांस, एका साथीदाराकडून

आदरणीय डॅनी बार्कर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही अमेरिकेतले जॅझ वादक, १९९४ मध्ये गेलात, आपली भेट कधी झाली नाही. तरी आभार मानायचे राहिले होते. मी हार्मोनियमवर साथ करतो. जन्मभर दुसऱ्याच्या गाण्यामागेच बसायचं का, या विचारानं मन खट्टू झालं होतं, तेव्हा तुमचं आत्मचरित्र हाती आलं.

आमच्या मिरवणुकीतला कळांचा बँजो वेगळा. तुमचा कातडं ताणलेला, पितळी वाद्यांच्या गदारोळातही खणखणीत ऐकू येणारा. न्यू ऑर्लिन्स या तुमच्या गावी तुम्ही त्यावर तयार झालात. आजोबा आयसिडोर बार्बरिन बँडवाले, मामा पॉल ड्रमर. १९३० मध्ये न्यूयॉर्कला गेलात, तर तिथे बँजोची सद्दी संपत आलेली! मायक्रोफोन आल्यावर त्या मोठ्या आवाजाची गरज उरली नाही, गिटारचे दिवस आले. तुम्ही कुरकुर न करता गिटार धरलीत. १९३९ पासून सात-आठ वर्षं गायक कॅब कॅलोवेच्या जॅझ ऑर्केस्ट्रात एका मात्रेला एक ठोका, रात्रभर. ते ठोके मी कान देऊन ऐकतो. वरचे ट्रम्पेट वाटेल तिथे झेपावतात, कारण खालची लय जागची हलत नाही. साथ म्हणजे काय ते मला तिथे उमगलं.

आणि तुम्ही नुसते साथीदारही नव्हतात. पत्नी ब्लू लू गायच्या, त्यांच्यासाठी तुम्ही गाणी रचलीत. जुन्या जॅझला पुन्हा श्रोते मिळू लागले तसा बँजो परत हातात आला. स्वतः गायचात ते गप्पा मारल्यासारखं, मिश्कील. ते गाणं मला तुमच्या वादनाइतकंच आवडतं.

पण सगळ्यात मोठे आभार पुढच्या कामाचे. १९६५ मध्ये तुम्ही गावी परतलात. रस्त्यावरचे ब्रास बँड म्हाताऱ्यांचे उरले होते. १९७० च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रींनी मुलांचा बँड काढायला सांगितलं आणि साठी ओलांडलेले तुम्ही पोरं गोळा करू लागलात. लेरॉय जोन्स या ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलाच्या घरच्या गॅरेजमध्ये तालीम चाले. पुढे ट्रम्पेटवादक म्हणून गाजलेला विंटन मार्सालिसही लहानपणी त्या बँडमधलाच. मोठ्या मंचावरून उतरलेल्या माणसानं गॅरेजमध्ये पोरांच्या चुका ऐकत बसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे त्या मुलांनी आपापले बँड काढले, आणि न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर तरुण हातांत पुन्हा ट्रम्पेट-ट्रॉम्बोन दिसू लागले.

तुमचं वाचल्यापासून मीही शेजारच्या मुलांना पेटी शिकवायला घेतली आहे. पहिल्यांदा त्यांना लेहरा, म्हणजे तबल्यासाठी पुन्हापुन्हा वाजवायची एकच धून, धरायला शिकवतो. तबलजी कितीही फिरून आला तरी लेहरा हलायचा नाही, एवढं जमलं की मगच पुढचं.

मनापासून आभार.

तुमचा,
एक साथीदार