तिसऱ्या लॅपमध्ये सोबत राहिलेल्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

या हंगामात मी 1500 मीटर 4 मिनिटे 58 सेकंदांत धावले, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको, कारण घड्याळ तुमच्याच हातात होते. त्या दिवशी गर्दीत पाया पडून निघाले आणि बोलायचे ते राहून गेले. खेळाडूचे कौतुक चारचौघांत होते आणि प्रशिक्षकाचे ऋण मात्र एकांतात मानले जाते, हे मला पटत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहिते आहे.

पाच मिनिटांच्या आत धावणे आपल्या शरीरात नाही, असे मी मनाशी पक्के धरून बसले होते. पहिले दोन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या 400 मीटरच्या फेऱ्या, 80 सेकंदांचे होत, तिसरा 86-87 पर्यंत घसरे आणि शेवटच्या 300 मीटरमध्ये पुन्हा वेग येई. माझ्या लेखी हे आकडे म्हणजे माझ्या कुवतीचा पुरावा होता. तुम्ही तेच आकडे पुढ्यात ठेवून शांतपणे विचारलेत, की तिसऱ्या लॅपमध्ये पायांतली ताकद खरोखरच संपत असेल, तर अखेरचा वेग येतो कुठून? उरलेले अंतर जोखून मेंदू आधीच आवर घालतो आणि शेवट दिसू लागला की तो सैल सोडतो, हे तुम्ही त्यानंतर समजावलेत. पण मला हलवले ते त्या प्रश्नाने.

‘तुला जमेल’ असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याबद्दल मी विशेष कृतज्ञ आहे. नुसत्या धीराच्या शब्दांवर तिसरा लॅप निघत नाही. तुम्ही सरावच बदललात: शर्यतीच्या वेगाने 800 मीटर, मिनिटभर विश्रांती आणि लगेच 79 सेकंदांत 400 मीटर. ज्या अवस्थेची मला धास्ती होती, तीच अवस्था आठवड्यामागून आठवडे इतक्या वेळा अनुभवायला लावलीत, की तिचे नावीन्य संपले आणि त्याबरोबर भीतीही ओसरली. निव्वळ इच्छाशक्तीच्या गप्पा मारणाऱ्यांना हे कंटाळवाणे काम ठाऊक नसावे.

एक मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला धावपटू रॉजर बॅनिस्टर, त्याची गोष्टही तुम्ही इतरांपेक्षा वेगळी सांगितलीत. गुंडर हेग याने 1945 मध्ये नोंदवलेला 4 मिनिटे 1.4 सेकंदांचा एक मैलाचा विक्रम जवळपास नऊ वर्षे टिकला. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर बॅनिस्टर 3 मिनिटे 59.4 सेकंदांत धावला आणि 21 जून रोजी फिनलंडमधील तुर्कू येथे जॉन लँडीने तोही विक्रम मोडला. एकाने मनातला अडसर दूर केला आणि वाट मोकळी झाली, एवढेच सहसा सांगितले जाते. तुम्ही मात्र ऑक्सफर्डला बॅनिस्टरच्या पुढे राहून वेग राखणाऱ्या ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांच्याकडे लक्ष वेधलेत, आणि तुर्कूला लँडीच्या पाठीशी धावून त्याला रेटणारा धावपटूही चॅटवेच होता, हे सांगितलेत. त्यानंतरच्या आठवड्यापासून माझ्या तिसऱ्या लॅपला क्लबमधली मुले आळीपाळीने पेसर म्हणून, म्हणजे माझा वेग राखण्यासाठी, सोबत धावू लागली. स्वतःचा सराव आटोपून, दमलेल्या पायांनी ती माझ्यासाठी पुन्हा ट्रॅकवर उतरत.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. माझी नडगी दुखू लागली, तेव्हा मी दात-ओठ खाऊन धावायला तयार होते आणि तुम्ही मला ट्रॅकवर येऊच दिले नाहीत. दमल्याने होणारी जळजळ आणि हाडात एकाच जागी ठणकणारी वेदना यांतला फरक तुम्ही बोटाने दाबून दाखवलात. चिकाटीचे गोडवे गाणारे प्रशिक्षक पुष्कळ असतात, पण खेळाडूला वेळीच थांबवण्याची जबाबदारी फार थोडे घेतात. विश्रांतीचे ते आठवडे वाया गेले नाहीत, म्हणूनच हा हंगाम मला लाभला.

शर्यतीत माझा तिसरा लॅप 80 सेकंदांचा झाला. मला 4 मिनिटे 58 सेकंदांपेक्षा या आकड्याचा आनंद अधिक आहे आणि तो माझ्या एकटीचा नाही. पेसर म्हणून धावलेल्या सर्व मुलांना माझे आभार कळवावेत, ही विनंती. पुढील हंगामात 800 मीटरची तयारी तुमच्याच देखरेखीखाली करण्याची इच्छा आहे. तुमची संमती असेल, तर सोमवारी नेहमीच्या वेळी ट्रॅकवर हजर राहीन.

तुमची विद्यार्थिनी